चौदाव्या महिन्यातला शब्द

इंदूताईला जाऊन आता दीड महिना होईल. निरोप आला तेव्हा मी कचेरीत चौघांना गोळा करून तिची तब्येत कशी झपाट्यानं सुधारते आहे ते सांगत होतो. आदल्या संध्याकाळी तिनं दोन चमचे मुगाचं वरण घेतलं होतं, एवढं खरं. माझ्या तोंडून बाहेर पडेपर्यंत त्या दोन चमच्यांची वाटी झाली, आणि वाटी रिकामी करून ताईनं नर्सला "फोडणी द्यायची विसरल्या काय बाई?" असं खडसावलंही. माणसं हसत होती. तेवढ्यात शिपाई आला नि म्हणाला, "साहेबाच्या खोलीत तुमचा फोन आहे जी, दवाखान्यातून." मी उठता उठता त्या चौघांना म्हणालो, "पाहा, घरी कधी नेता म्हणून विचारत असतील!" असा मी. पन्नाशीला टेकलो, तरी खऱ्या गोष्टीच्या दोन पावलं पुढे जाऊन उभं राहायची खोड काही गेली नाही. फोनवर तिकडची बाई फक्त "या" म्हणाली. मी खाली ठेवलेल्या फोनकडे पाहत राहिलो आणि साहेब त्यांच्या फायलीकडे.

आमच्या घरात मला गोष्टीवेल्हाळ म्हणतात. लग्नकार्यात जेवणं झाली की पोरं-सोरं माझ्याभोवती बसतात. ताई मात्र मागे भिंतीला टेकून ऐकायची आणि मधूनच म्हणायची, "मन्या, यातलं रुपयातलं किती आणे खरं?" ती माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. कार्पोरेशनच्या शाळेत पंचवीस वर्षं मास्तरीण होती, त्यामुळे चूक दिसली की तिला राहवत नसे. पण एका गोष्टीत तिनं मला असं कधीच विचारलं नाही. माझी सगळ्यात खोटी गोष्ट तीच होती, आणि वीस वर्षं ताईनं ती सोळा आणे खरी धरली.

झालं असं, की भाऊजी विषमज्वरानं गेले तेव्हा ताईचा मुलगा, श्रीधर, पाच महिन्यांचा होता. सासर कुहीचं, थोडी धानाची शेती, घरात एकटी सासू. पोट भरायचं तर शिकवायला लागणं भाग होतं. म्हणून ताई वर्ध्याला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला गेली आणि लेकरू कुहीला आजीजवळ राहिलं. ट्रेनिंग संपलं तर पहिली नेमणूक रामटेकच्या पलीकडच्या एका खेड्यात, जिथे शाळेलाच धड खोली नव्हती, मग मास्तरणीला कुठली? अशी साडेतीन वर्षं गेली. मी तेव्हा नागपूरला कॉलेजात होतो, म्हणजे नाव होतं कॉलेजात. महिन्यातून एकदा कुहीला जायचं, लेकराला पाहायचं आणि ताईला जाऊन सांगायचं, हे माझं काम. दोन गावांमधलं पोस्ट खातं म्हणजे मी.

श्रीधर पडवीत बसलेला असायचा. पितळी डब्याचं झाकण जमिनीवर गरकन फिरवायचं, ते पडेपर्यंत पाहायचं, पुन्हा फिरवायचं. मी हाक मारली तर मान वळत नसे. मी गोल गोल तोंडं करून दाखवायचो, उड्या मारायचो, त्याचं लक्ष झाकणावर. मला वाटायचं, मोठा शहाणा पोरगा आहे, मामाचं पाणी पहिल्याच भेटीत ओळखलं यानं. तिकडे वर्ध्याला वसतिगृहाच्या ओट्यावर ताई वाटच पाहत असे. "काय म्हणते गा माझा श्रीधर?" काय म्हणणार? काहीच म्हणत नव्हता. पहिले काही महिने मी "झोपला होता", "दात येऊन राहिले" असं निभावून नेलं. एकदा मात्र ती फार वाळलेली दिसली... पायात चप्पल नव्हती, आणि ते तिच्या ध्यानातही नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "आई म्हणाला."

"कधी?"

"निघालो तेव्हा. मोटर आली ना, तिच्याकडे बोट केलं नि म्हणाला... आई."

तिनं पदर तोंडाशी धरला. मग आत जाऊन साखरेचा डबा आणला आणि वसतिगृहातल्या प्रत्येक मुलीच्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवली. माझ्याही ठेवली. मी ती खाल्ली. पोराला तेव्हा चौदावा महिना होता. पुढे ती गोष्ट घरात रुळली. दर लग्नात मी तिच्यात एकेक भर घातली, आधी एक कंडक्टर आला, त्याच्या डोळ्यात पाणी आलं, मग टपावर एक बकरीही चढली. ताई मागून म्हणायची, "बकरी सोड, बाकीचं खरं आहे."

पुढे ताईला नागपूरला कार्पोरेशनच्या शाळेत जागा मिळाली आणि मायलेक महाल भागातल्या दोन खोल्यांत राहू लागले. श्रीधर शाळेत हुशार होता, गणितात तर पैकीच्या पैकी. पण वरण भातावर ओतलं की ताट सारायचा. शिट्टीचा कुकर घरात आला तसा परत गेला. पाहुणा अचानक आला तर कपाटामागच्या फटीत जाऊन उभा राहायचा, सोळाव्या वर्षीही. आम्ही त्याला 'तऱ्हेवाईक' म्हणायचो आणि हसायचो. ताईही हसायची, पण तिचं हसणं आमच्या हसण्याच्या जरा मागून यायचं, हे मला आता आठवतं.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी तो बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होता. विषय रसायनशास्त्र. लेखी पेपर उत्तम. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी काही विचारलं, हा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत गप्प. ते वैतागून म्हणाले, "अहो, तुम्हाला काही येतं की नाही?" हा म्हणाला, "येतं." आणि पुन्हा गप्प. "मग सांगा ना!" "काय?" परीक्षकांना वाटलं, पोरगा टिंगल करतो आहे. नापास. सहा महिन्यांनी पुन्हा तेच, फक्त परीक्षक दुसरे, आणि त्यांनी खांद्याला धरून त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं. श्रीधरनं असा आवाज काढला की शेजारच्या प्रयोगशाळेतली मुलं धावत आली. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी ताईला बोलावून सांगितलं, "बाई, याला मेंटल हॉस्पिटलमध्ये दाखवा. डोकं ठीक असल्याचा दाखला आणा, नाहीतर नाव काढून घ्या."

ताई घरी आली, पाणीही न पिता बसली आणि मला म्हणाली, "मन्या, मले एक कागद पाहिजे. माझा पोरगा वेडा नाही अन् माजलेलाही नाही, मग काय आहे, ते लिहिलेला कागद."

तो कागद शोधण्यात जे वर्ष गेलं, त्याचं काय सांगू? मी रंगवून सांगणारा माणूस, पण बाकांवर बसून राहण्याला रंग कुठून आणायचा? सुटीचा दिवस आला की आम्ही तिघं कुठल्यातरी दवाखान्याच्या बाकावर असायचो. ताईच्या मांडीवर तपासायच्या वह्या, श्रीधरची नजर पंख्यावर, आणि मी नंबर कधी लागेल ते दर दहा मिनिटांनी कंपाउंडरला विचारून त्याच्या शिव्या खायला. एका डॉक्टरनं टॉनिक दिलं. एकानं चष्म्याचा नंबर काढायला सांगितलं. एका म्हाताऱ्या वैद्यांनी नाडी पाहून "लग्न करून टाका" म्हटलं, त्यावर श्रीधरनं "कोणाचं?" असं विचारलं. प्रत्येकाकडे पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. ताईचा आवाज तेच तेच सांगून असा सपाट झाला होता की जणू ती दुसऱ्याच कुणाच्या मुलाबद्दल बोलते आहे. परत येताना ती सायकल रिक्षात डोळे मिटून बसे. एकदा न उघडताच म्हणाली, "थकली गा मी. पण थकून सांगू कोणाले?"

शेवटी कुणीतरी धरमपेठेतल्या एका नव्या डॉक्टरचं नाव सांगितलं. परदेशात मनाच्या आजारांचं शिकून आलेला, तिशीतला मुलगा. त्यानं घाई केली नाही. श्रीधरशी बोलताना त्याच्याकडे न पाहता टेबलाकडे पाहून बोलला, आणि श्रीधर चक्क पाऊण तास बोलला. मूलद्रव्यांबद्दल. मग डॉक्टरनं ताईला विचारलं, "लहानपणी बोलायला केव्हा लागला?"

आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांच्या हजेऱ्या घेणारी माझी बहीण ताठ बसली. "चौदाव्या महिन्यात," ती म्हणाली. "आई म्हणाला. मी नव्हते जवळ, पण ह्यानं ऐकलंय. सांग ना मन्या."

आणि मी सांगितलं. काय करू, सवय! मोटर, बोट, कंडक्टर, त्याचे डोळे, सगळं. बकरी गाळली, एवढाच काय तो संयम. डॉक्टरही हसला. मग कागदावर काहीतरी लिहीत म्हणाला, "बरं झालं विचारलं. माझ्या मनात एक आजार होता. पण त्यात मुलं फार उशिरा बोलतात, बोलली तरी हाक मारायला बोलत नाहीत. याचं तर सगळं वेळेवर आहे. मग तो नाही. परीक्षेचा ताण असेल. या गोळ्या द्या."

ताईनं तो कागद घडी करून पिशवीत ठेवला. मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं, आणि रिक्षा थांबवली.

गोळ्यांनी श्रीधर दिवसभर झोपू लागला. वर्गात झोपला, जेवताना झोपला. तिकडून प्राचार्यांचं पत्र आलं, पुढच्या महिन्याआधी दाखला द्या. त्या रविवारी मी महालात गेलो तेव्हा ताई सुपात तांदूळ घेऊन निवडत बसली होती. मी उंबऱ्यातच उभा राहून म्हणालो, "ताई, तो 'आई' म्हणाला नव्हता."

तिची बोटं चालूच राहिली. एक खडा वेचला, बाजूला ठेवला.

"कधीच नाही?"

"मी गेलो तेव्हा तरी नाही. काहीच बोलत नव्हता. मीच... तू वाळली होतीस म्हणून."

मान वर न करता ती म्हणाली, "चौदाच काहून गा?"

"अं?"

"बारा नाही, पंधरा नाही. चौदाच काहून?"

"तेव्हा तो तेवढाच होता ताई," मी म्हणालो. ती हसली. खरंच हसली, सूप हललं, तांदूळ सांडले. मग मोरीवर जाऊन तिनं तोंड धुतलं, ते चांगलं लांबलचक धुतलं, आणि पदरानं पुसत बाहेर येऊन म्हणाली, "उठ. कुहीले जाऊ. म्हातारी आहे तोवर विचारून घेऊ."

म्हातारी म्हणजे ताईची सासू, ऐंशीच्या घरातली, कानानं शाबूत. आधी ती कबूलच होईना. "चांगला बोले. लय बोले." ताईनं तिचा हात धरला. म्हणाली, "आत्याबाई, मी भांडाले नाही आली. त्याच्या शिक्षणाचा सवाल आहे." तेव्हा म्हातारी कोसळली. "नव्हता वं बोलत! चार वर्साचा होयेपरेंत शब्द नाही. तू सुट्टीत चार दिवस ये, तवा मी म्हणो, वळख नाही म्हणून लाजते. अन् मंग एक दिवस बोलला त काय बोलला? मोटरवाल्यासारखा, नागपूरपरेंतचे सारे ठेशन, एका दमात. मले भेव वाटलं. मले वाटे, तुले कळलं त तू ट्रेनिंग सोडून येशील. मंग खाल्लं काय असतं, सांग बरं? अन् लोक म्हणतील, बुढीनं पोरगं बिघडवलं." तिनं आपल्या परीनं झाकलं होतं, मी माझ्या परीनं. दोघांनी मिळून एका बाईचं लेकरू तिच्यापासून साडेतीन वर्षं लपवलं, आणि दोघंही स्वतःला तिचे आधार समजत होतो.

ताईनं एकाचंही उणंदुणं काढलं नाही. शाळेची वही उघडली आणि म्हातारीला विचारत विचारत सारं टिपलं. चालायला कधी लागला, झाकण कधीपासून, कडेवर घेतलं की काय करी, हाक ऐके की नाही. 'पहिला शब्द' असं लिहिलं, आणि त्यापुढे थांबे लिहिले, म्हातारीनं सांगितले त्याच क्रमानं. मोटरीत बसल्यावर तिनं खिडकीबाहेर पाहत मला एवढंच विचारलं, "त्या पोरींना साखर वाटली होती मी. आठवते?" मी हो म्हणालो. यावेळी भर घालायला काही नव्हतं.

डॉक्टरनं ती वही दोनदा वाचली. मग म्हणाला, "याला ऑटिझम म्हणतात." मराठीत काय म्हणायचं ते त्यालाही ठाऊक नव्हतं. पुस्तकांत हे लहान मुलांचं म्हणून दिलेलं असतं, तो म्हणाला, पण मुलं मोठी होतातच की. औषध नाही. बरं होणं असंही काही नाही, जन्मापासूनची घडणच वेगळी. ताईनं ज्यासाठी एवढी पायपीट केली, ते तिनं आता विचारलं. कागदाचं नाही. "मी सोडून गेली, म्हणून झालं काय?"

"नाही," डॉक्टर म्हणाला. "पूर्वी मोठमोठे लोकही आईलाच दोष द्यायचे. ते चुकीचं होतं. तुम्ही घरी राहिला असता तरी तो असाच असता."

"पुन्हा एकदा सांगता?" ताई म्हणाली. त्यानं पुन्हा सांगितलं, जसंच्या तसं. मी त्या खोलीतल्या कॅलेंडरकडे पाहत होतो.

आता इथे गोष्ट रंगवायची तर प्राचार्यांनी कागद वाचून ताईचे पाय धरायला हवेत. तसं काही झालं नाही. "असा रोग आम्ही ऐकला नाही," ते म्हणाले, आणि कागद विद्यापीठाकडे पाठवला. तिथे तो चार टेबलं फिरला. पाचव्यावर हरवला. ताईनं दुसरा आणला. एक वर्ष त्यात वाया गेलं. अखेर विभागप्रमुखांनीच स्वतःच्या जबाबदारीवर केलं, प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचे आणि यानं परीक्षकांसमोर बसून उत्तर लिहायचं. श्रीधर पास झाला. पुढे त्याच प्रयोगशाळेत त्याला काम मिळालं. आज तिथली एक बाटली जागा सोडून दिसत नाही.

डॉक्टरनं निघताना ताईला एक गोष्ट सांगितली होती. त्याला सगळं आधी सांगत जा, साध्या शब्दांत. जे सांगाल तेच होऊ द्या. ताईनं शाळेतून बाद झालेला एक लहान फळा आणून स्वयंपाकघराच्या दाराशी टांगला. 'आज संध्याकाळी दोन पाहुणे येतील. अर्धा तास बसतील. तू बाहेर आलास तरी चालेल, न आलास तरी चालेल.' झालं की श्रीधर पुसायचा. आठ वर्षांत तो पुन्हा कपाटामागे गेला नाही.

आणि दवाखान्यात जायच्या दिवशी तिनं फळ्यावर लिहिलं होतं: 'मी आज दवाखान्यात जाणार. पोटात गाठ आहे. मी बहुतेक परत येणार नाही. मामा येऊन सांगेल. तू कामावर जायचं.' ते वाचून मी तिच्यावर भडकलो होतो. असं कुणी लिहितं? त्या पंधरा दिवसांत मी श्रीधरला रोज सांगत होतो, आई बरी होते आहे, आज वरण जेवली, उद्या येईल. तो ऐकून घ्यायचा आणि माझ्या खांद्यावरून फळ्याकडे पाहायचा. त्या दुपारी मी जिना चढून गेलो, खुर्चीवर बसलो आणि "श्रीधर, हे बघ, आईला जरा..." असं सुरू केलं, तेव्हा त्यानंच विचारलं, "गेली?" मी मान हलवली. त्यानं फडकं घेतलं आणि फळा पुसला. जमलेल्या बायका कळवळल्या, "अरे, आईचं अखेरचं अक्षर रे!" तो म्हणाला, "ते झालं."

मग दिवस झाले, पाहुणे पांगले. एका सकाळी शेजारच्या बाईंनी मला बोलावून घेतलं. श्रीधर तीन दिवस कामावर गेला नव्हता. अंघोळ करून, डबा घेऊन, चपला घालून तो कोऱ्या फळ्यासमोर उभा होता. किती वेळ, कोण जाणे. मला उशिरा समजलं, नेहमीसारखं. मी खडू घेतला आणि लिहिलं, 'काळजी करू नकोस, सगळं ठीक होईल.'

त्यानं वाचलं. "सगळं म्हणजे काय काय?"

मी पुसलं. लिहिलं, 'मी दर रविवारी दहा वाजता येईन.'

"तुम्ही मेले तर?"

पुन्हा पुसलं. खडू हातात धरून मी किती वेळ उभा राहिलो! पन्नास वर्षं तोंड चालवून मला एक सरळ वाक्य सुचत नव्हतं, आणि जिला सुचत होतं ती गेली होती. शेवटी लिहिलं, 'आज बुधवार. तू कामावर जायचं. मी या रविवारी दहा वाजता येईन.' त्यानं ते दोनदा वाचलं, डबा उचलला आणि गेला.

आता शनिवारीच माझं घड्याळ मी दोनदा लावून ठेवतो. रविवारी साडेनऊलाच महालात पोचतो आणि कोपऱ्यावरच्या पानठेल्यापाशी रेंगाळतो. ठेलेवाला विचारतो, "काय भाऊ, वरती काहून नाही जात?" त्याला सांगण्याजोगी फार छान गोष्ट जिभेवर येते. मी ती गिळतो. दहाला दोन मिनिटं कमी असताना जिना चढतो. दार उघडंच असतं. फळ्यावर गेल्या रविवारी लिहिलेलं माझं वाक्य असतं, शेजारी फडकं हातात घेऊन श्रीधर उभा असतो. मी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकतो, आणि तो ते पुसतो.